आठ खोल्यांचा तंबू

माझ्या लेखनाबद्दल आयुष्यात मला विचारला गेलेला पहिला गंभीर प्रश्न असा होता : "हे चाळीस हजार लोक सकाळी परसाकडे कुठे जातात?"

विचारणारे आमचे घरमालक. मांडीवर माझं हस्तलिखित, नाकावर चष्मा, शेजारी स्टीलच्या पेल्यात व्हिनेगर घातलेलं पाणी. मी त्यांच्या दाराशी स्टुलावर बसलेलो, कौतुक ऐकायला. तीनशे चाळीस पानांत मी सात राज्यं, दोन अग्निसर्प, एक शापित तलवार आणि चाळीस हजारांची सेना बसवली होती. एवढं सगळं वाचून माणसाला नेमका हाच प्रश्न पडावा, याचं मला वाईट वाटलं. मी म्हटलं, काका, ती कल्पित दुनिया आहे.

"पोटं पण कल्पित आहेत का?" ते म्हणाले, आणि पान उलटलं.

मी मुंबईच्या लोकल लाइनवरच्या, माणसांनी खच्चून भरलेल्या दिव्याला राहायला गेलेलो तो एकांत हवा म्हणून. या कारणासाठी दिव्याला राहायला गेलेला माणूस माझ्याआधी कुणी असेल असं वाटत नाही. घर आमचं डोंबिवलीत, नोकरी माजिवड्याला एका विमा कंपनीच्या ऑफिसात. घरी लिहायला बसलो की आई दर वीस मिनिटांनी काहीतरी खायला आणून ठेवायची आणि बाबा मागून वाचायचे. कादंबरी लिहायला डोंबिवलीत जागा कमी पडली का, हा बाबांचा प्रश्न होता. उत्तर म्हणून मी बॅग भरली.

ही बिल्डिंग तीन मजल्यांची. प्रत्येक मजल्यावर आठ खोल्या. आठच का, जागा तर नऊची होती, हे दिव्यातल्या प्रत्येक एजंटाला पडलेलं कोडं. काकांचं उत्तर साधं होतं. रोमन सैन्यात एका तंबूत आठ माणसं असायची. आठ माणसं, एक तंबू, एक खेचर, एक जातं. नववा आला की भांडणं सुरू होतात. म्हणून बांधताना त्यांनी नववी खोली गाळून तिथे मोकळी गच्ची ठेवली, आणि मजल्यांना ते मजले म्हणतच नसत. मी राहायचो तो 'तंबू नंबर दोन'.

लोक त्यांना सुभेदार म्हणायचे. ते दर वेळी थांबून सांगायचे, "नायब सुभेदार." सगळी नोकरी सैन्याच्या रसदखात्यात गेली. पीठ, डाळ, रॉकेल, बूट. बंदूक उचलली ती फक्त सरावाला. पण हे सांगताना मान खाली जात नसे. "माझ्या हिश्शाच्या एकाही जवानाला उपाशीपोटी चढावं लागलं नाही," एवढं म्हणायचे आणि विषय संपायचा.

रोम त्यांच्या आयुष्यात आलं ते रद्दीतून. उत्तरेकडे कुठल्याशा डेपोत, बर्फाने रस्ता बंद झालेल्या दिवसांत, त्यांना एक इंग्रजी पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची तीसेक पानं नाहीत, त्यामुळे लेखक कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. डिक्शनरी शेजारी ठेवून त्यांनी ते अनेक हिवाळे वाचलं. "बरं झालं नाव नाही ते," काकू म्हणायच्या. "नाहीतर त्या बिचाऱ्याला ह्यांनी पत्रं लिहून लिहून वेडा केला असता."

तर या पुस्तकातलं जे जे दिव्यात राबवता येईल ते काकांनी राबवलं होतं. स्टेशनजवळच्या चपला शिवणाऱ्याकडून त्यांनी तळाला खिळे ठोकलेल्या जाड चामड्याच्या चपला करून घेतल्या होत्या. जिन्यावर त्या वाजायला लागल्या की पाण्याची मोटर चालू ठेवून झोपलेली माणसं टुणकन उठायची. व्हिनेगर-पाणी हे रोमन शिपायाचं पेय. काकूंनी एकदा गुपचूप त्या पेल्यात आमसुलाचं पाणी ओतलं. काकांनी तीन घोट घेतले, "आज रसद बरी आहे" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा व्हिनेगर. चालताना ते मोजायचे. दोन पावलांचा एक, असे हजार झाले की एक मैल. वाटेत कुणी "जय भीम, काका" म्हटलं तर ते एक बोट वर करायचे, म्हणजे थांब, आकडा जाईल. शेकडा पूर्ण झाला की वळून, तोवर वीस पावलं मागे राहिलेल्या माणसाला मोठ्याने जय भीम घालायचे.

आता मी हस्तलिखित त्यांच्याकडे का नेलं ते सांगतो, म्हणजे माझी अक्कल तुमच्या लक्षात येईल.

ठाण्याच्या एका छोट्या प्रकाशनाकडे मी कादंबरी दिली होती. दिली, एवढंच. पण मी ऑफिसात सांगून टाकलेलं की पुस्तक येतंय. साहेबांनी पेढे मागवले. बाबांनी, जे मागून वाचून नाक मुरडायचे, त्यांनी नागपूरच्या आत्यापर्यंत फोन केले. आणि मग संपादक बाईंनी बोलावलं. बाई सौम्य बोलणाऱ्या, त्यामुळे जास्त लागतं. म्हणाल्या, अग्निसर्प छान आहेत, तलवार चालेल, पण लढाया आल्या की मला डुलकी लागते. तुमचं सैन्य पुठ्ठ्याचं आहे. गणपतीपर्यंत ते खरं करून आणा. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका, पण मग हे पुस्तक आपण काढणार नाही.

गणपतीला तीन महिने होते आणि पेढे तर पचूनही गेले होते. पुस्तक आलं नाही तर ऑफिसात, घरात आणि नागपुरात तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न घेऊन मी दिव्याला परतलो. खाली काका चपलेचे खिळे ठोकत बसलेले. मला वाटलं, फौजी माणूस आहे. हा म्हणेल की सैन्य झकास आहे, आणि मी ते बाईंना सांगेन.

काकांनी आठ दिवस घेतले. लाल पेन्सिलीने समासात खुणा केल्या. मग हिशेब सांगितला.

"पान बावीसवर तुझं सैन्य मेलं. वाळवंटात तीन दिवस, पाण्याची सोय नाही. पान चाळीसवर परत मेलं, थंडीने. एकूण अकरा वेळा मेलं. आणि मग पान दोनशेवर जिंकलं. अभिनंदन."

मी म्हटलं की वाचकांना लढाई हवी असते. तर म्हणाले, सैन्य म्हणजे चालणं, खणणं आणि दळणं. रोमन शिपाई दिवसभर चालून आला की संध्याकाळी आधी खंदक खणायचा, मातीची भिंत घालायचा, मग तंबू, मग आठ जणांत एकाने दळायचं, एकाने लाकडं आणायची. सकाळी ते सगळं मोडून पुढे. लढाई कधीतरी, सणासारखी. तुझी माणसं नुसतीच सण साजरे करतायत.

माझ्या कादंबरीत सेना एका रात्रीत चिलखतं घालून तीन डोंगर ओलांडते. त्यावर त्यांनी लाल पेन्सिलीने फक्त एवढंच लिहिलेलं : 'चल, करून बघू.' मला तो शेरा वाटला. तो हुकूम होता.

रविवारी सकाळी पाचला आम्ही निघालो. दिवा ते कल्याण, शीळफाट्यावरून. दोघांच्या पाठीवर सारखं वजन : तांदूळ, फावडं, पातेलं, दोन दांडके, सगळं गोणीत बांधून. काका अडुसष्ट वर्षांचे, मी एकतीस. शीळफाट्यापर्यंत मी त्यांना कादंबरीतल्या खलनायकाबद्दल सांगत होतो. त्यानंतर मी बोललो नाही. काटई नाक्यावर मी म्हटलं, काका, तुम्ही व्हा पुढे, बुटाची नाडी बांधतो. नाडी बांधली आणि रिक्षेला हात केला.

रिक्षा त्यांच्या शेजारून गेली तेव्हा मी गोणीमागे डोकं घालून बसलेलो. रस्त्यावरून त्यांचे आकडे ऐकू आले. सातशे बारा, सातशे तेरा.

पत्री पुलाशी उतरून मी दोन चहा प्यायलो, तोंडाला पाणी लावून घामासारखं केलं आणि दमलेला चेहरा करून बसलो. काका दीड तासाने आले. गोणी उतरवली, चणे-गूळ काढला, निम्मा मला दिला. मग सहज माझ्या मागे जाऊन उभे राहिले आणि माझा शर्ट बघितला. गोणीचा दोर जिथे रुततो तिथे घामाचा काळा पट्टा उठतो. त्यांच्या पाठीवर तो होता. माझ्या पाठीवर इस्त्रीची घडी होती.

मी कबूल केलं. वाटलं आता खोली सोडायला सांगतील. ते चणे चावत म्हणाले, "हे लिही मग. दर तंबूत एक जण असतो, रिक्षा शोधणारा. रिक्षा नसेल तर खेचर शोधतो. आणि एक जण त्याला पकडणारा असतो. झाली ना तुझी दोन खरी माणसं. आता अडतीस... नाही, एकोणचाळीस हजार नऊशे अठ्ठ्याण्णव राहिली."

त्या दिवशी येताना आम्ही दोघंही बसने आलो. रात्रभर पाय ठणकत होते, म्हणजे रिक्षेत बसूनसुद्धा. पण पुढच्या आठवड्यात मी त्या दोघांवर एक प्रकरण लिहिलं आणि पहिल्यांदाच ते वाचताना मला स्वतःला डुलकी लागली नाही.

आता पाटीची गोष्ट सांगायला हवी. ही सांगताना मी दर वेळी स्वतःला थोडं कमी दोषी करतो, आज तसं करणार नाही.

दिव्यात पाणी एक दिवसाआड येतं, आणि कधी येईल ते फक्त पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला माहीत असतं. काका त्याला फोन करून वेळ काढायचे. ती वेळ सगळ्या खोल्यांना कळवायची पद्धत रोमची. तिथे संध्याकाळी सेनापतीच्या तंबूतून एक लाकडी पाटी निघायची, तिच्यावर त्या रात्रीचा परवलीचा शब्द. सगळ्यात टोकाच्या तंबूपासून हातोहात फिरत ती अंधार पडायच्या आत परत यायची. आली नाही तर कुठे अडकली ते खुणांवरून लगेच कळायचं. काकांनी प्लायवूडच्या तीन पाट्या केल्या होत्या, काळा रंग दिलेल्या, मजल्याला एक. पुढच्या बाजूला खडूने मजकूर, मागच्या बाजूला आठ चौकोन. टोकाच्या आठ नंबरपासून सुरुवात, प्रत्येकाने वाचायचं, मागे आपली खूण करायची, शेजारच्या दारात द्यायची. आमच्या आठ नंबरात मूळ गावातली एक आगरी आजी राहायची. तिला लिहिता येत नसे, ती चौकोनात मासा काढायची. रोज वेगळा.

व्हॉट्सअ‍ॅपवर का नाही टाकत, असं मी सुरुवातीला विचारलेलं. काका म्हणाले, तिथे निळी खूण दिसते, माणूस दिसत नाही. पाटीमुळे शेजाऱ्याला रोज एकदा शेजाऱ्याचं तोंड बघावं लागतं.

मजकुराची भाषा फौजी. 'उद्या ०५००. उजवी फळी आधी. विलंब करणारास रसद नाही.' लोकांना तिची सवय झालेली; उजवी फळी म्हणजे उजवीकडच्या खोल्या, हे पोरांनाही पाठ.

त्या शनिवारी मी शेवटच्या लढाईत होतो. पाटी माझ्याकडे, म्हणजे पाच नंबरात आली, मी ती खाटेवर ठेवली, आणि त्याच क्षणी मला घोडदळाची चाल सुचली. हाताशी कागद नव्हता. म्हणजे होता, तीनशे चाळीस पानं होती, पण ती लिहिलेली. मी बाहीने पाटी पुसली आणि लिहिलं : 'सकाळी सहा. डावी फळी पुढे. उजवी दबा धरून. इशारा होईपर्यंत आवाज नाही.' अंगावर काटा आला. मग दार वाजलं. चार नंबरच्या वहिनी, कुकर गॅसवर ठेवून आलेल्या. द्या की लवकर. मी मागच्या चौकोनात माझी खूण केली आणि त्यांच्या हातात घोडदळ दिलं.

पाटी चारमध्ये गेली, तीनमध्ये, दोनमध्ये, एकमध्ये. अंधार पडायच्या आत परत पोचली. काकांनी मागे बघितलं, माशापासून आठही खुणा जागच्या जागी, आणि ती खिळ्याला टांगून दिली.

सकाळी सहाला मी दुधाला म्हणून दार उघडलं. डाव्या बाजूची दोन कुटुंबं पिंपं, बादल्या, कळश्या घेऊन नळाच्या टोकाला रांगेत उभी होती, एकदम गप्प. उजव्या बाजूची दोन दारं वीतभर उघडी, फटीतून डोळे आणि बादल्यांच्या कड्या दिसत होत्या. मी विचारलं काय झालं. चार नंबरच्या वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं. "शू... इशारा व्हायचाय."

खरं पाणी पाचला येऊन वीस मिनिटांत गेलं होतं. आठ, सात आणि सहा नंबरने खरी पाटी वाचलेली, त्यांनी भरून घेतलं होतं. माझ्यानंतरचे चारही कोरडे. दोन नंबरात त्याच दिवशी मुलीला बघायला पाहुणे येणार. त्या घरातली आई रडायच्या बेतात. सगळे खाली काकांच्या दारात. या वेळी मात्र मोठमोठ्याने : पाट्या फिरवण्यापेक्षा फोनवर टाका, आम्ही काय तुमचे शिपाई आहोत का, बंद करा हे. आजी मात्र दोन हंडे घेऊन दोन नंबरच्या दारात ठेवून आलेली. "घे गो. मना काय रोज न्हावाचा नाय."

मी प्रामाणिकपणे सांगतो, माझा विचार गप्प बसायचा होता. मी मागे उभा राहून इतरांसारखीच मान हलवत होतो. काकांनी पाटी खिळ्यावरून काढली, पुढची बाजू वाचली, परत वाचली.

"'दबा धरून' मी कधी लिहीत नाही," ते शांतपणे म्हणाले. "मी 'राखीव' लिहितो."

सगळा तंबू नंबर दोन माझ्याकडे वळला.

पहारा चुकवणाऱ्या रोमन शिपायाला गव्हाऐवजी जव मिळायचे. मला सात दिवस जवाच्या भाकरीची शिक्षा झाली, काकांच्या घरी, सगळ्यांच्या देखत जमिनीवर बसून. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. म्हणाले, मी मागची बाजू तपासली, पुढची नाही. खुणा बघितल्या, मजकूर नाही. माझेही सात दिवस जव.

"आणि मी काय गुन्हा केलाय?" काकू आतून म्हणाल्या. "सात दिवस जव कोण दळणार?"

गिरणीवाला पाच किलो जवासाठी गिरणी पुसून घ्यायला तयार नव्हता. म्हणून शिक्षेत दळण वाढलं. काकांच्या घरी जातं होतं, अर्थातच. एका बाजूला ते, एका बाजूला मी, दोघांचा एका खुंट्यावर हात. पहिल्या दिवशी हाताला फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिसऱ्या दिवशी चार नंबरच्या वहिनी बघायला म्हणून आल्या आणि पाहुण्यांनी दोन नंबरच्या मुलीला पसंत केल्याचं सांगून, वर माझ्या हाताला लावायला हळद देऊन गेल्या. लोक राग धरतात, पण दळणाऱ्या माणसावर फार वेळ धरवत नाही.

त्याच दिवशी मी विचारलं, की काका, जगात एवढी सैन्यं झाली, आपली इथलीही झाली, तुम्हाला हेच का आवडलं?

जातं थांबलं.

"ते काय संत नव्हते," काका म्हणाले. "गुलाम ठेवायचे. गावं जाळायचे. सगळं आहे त्या पुस्तकात. पण त्यांच्यात दोन प्रकारचे शिपाई. एक तिथले नागरिक. दुसरे बाहेरचे, जिंकलेल्या मुलखातले, ज्यांना काही हक्क नाही. त्या बाहेरच्याने पंचवीस वर्षं नोकरी केली की त्याला काशाचा पत्रा मिळायचा. त्यावर कोरलेलं असायचं, हा आता नागरिक. त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव. त्याच्या मुलांची नावं. मुलंसुद्धा नागरिक. कोरलेलं. कुणाला खोडता येणार नाही."

मग ते पीठ गोळा करू लागले.

"माझे आजोबा मोठ्या लढाईत समुद्रापार जाऊन आले. छातीवर पदक. गावात आले त्या दिवशी विहिरीशी उभे राहिले, कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेल म्हणून. पदक लावून उभे राहिले. मी ते पान वाचलं ना त्या डेपोत, मला वाटलं, दोन हजार वर्षांपूर्वी कुणालातरी हे सुचलं होतं. लिहून द्यायचं सुचलं होतं."

काकांनी परत खुंट्याला हात घातला आणि म्हणाले, "तुझ्या सेनेत गावाबाहेरचा कोण आहे?"

मी आठवून बघितलं. माझ्या चाळीस हजारांत सगळे थोर कुळातले होते. खेचरंसुद्धा. ज्यांची नावं होती ते राजपुत्र, आणि बाकीच्यांना नावच नव्हतं.

"आणि लढून झाल्यावर त्याला मिळतं काय?"

पुढचे दोन महिने मी लिहिलं असं म्हणणार नाही, दळलं. चाळीस हजारांचे मी चार हजार केले. ते रोज संध्याकाळी खंदक खणायचे आणि त्याबद्दल कुरकुर करायचे. एका तंबूतली आठ माणसं मी जवळून घेतली : रिक्षा शोधणारा, त्याला पकडणारा, मासा काढणारी एक म्हातारी स्वयंपाकीण, आणि सेनापतीची पाटी पुसून तिच्यावर कविता लिहिणारा एक गाढव, ज्याच्यामुळे डावी फळी एक तास उशिरा पोचते. आठवा होता दळणारा. सीमेपलीकडच्या मुलखातला, गप्प. शेवटच्या प्रकरणात लढाई संपते, राज्याभिषेक होतो, आणि मग एका साध्या सकाळी त्या दळणाऱ्याला पत्रा मिळतो. वाचता येत नाही म्हणून तो पत्रा दुसऱ्याकडून वाचून घेतो. मुलींची नावं आली की म्हणतो, परत वाच.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी ठाण्याला बाईंसमोर बसलो. बाई हसत होत्या. पाटीवाल्या प्रकरणावर ऑफिसातली सगळी माणसं हसली म्हणाल्या, असा मूर्ख तुम्हाला सुचला कसा. मी म्हटलं, निरीक्षणातून. मग म्हणाल्या, पुस्तक काढूया, फक्त एक करा. शेवटचं प्रकरण काढा. राज्याभिषेकावर संपवा. एवढं युद्ध झाल्यावर त्या दळणाऱ्याला कसला पत्रा मिळतो याचं वाचकाला काय?

समोर करारनामा होता. पेन उघडं. नागपूरच्या आत्याचा चेहरा डोळ्यांसमोर. मी असा माणूस आहे की ऑफिसातल्या एकाने नाक मुरडलं म्हणून राजपुत्राचं नाव नऊ वेळा बदललेलं. माझं तोंड "हो" म्हणायला उघडलंसुद्धा.

"मग राज्याभिषेक काढा," मी म्हटलं. "हे राहू दे."

माझाच आवाज होता तो. बाईंनी चष्मा काढला. मी पुढे बोललो, काय बोललो ते नीट आठवत नाही, एवढंच की पत्रा काढायचा असेल तर पुस्तकच राहू दे, कारण बाकीची सगळी पानं त्या पानापर्यंत चालत आलीत. चालत, रिक्षेने नाही, असं मी म्हणालो. बाईंना ते अर्थातच कळलं नाही. त्यांनी शेवटची नऊ पानं ओढून घेतली आणि माझ्यासमोर परत वाचायला घेतली. मी पंख्याकडे बघत बसलो.

मग त्या म्हणाल्या, "राज्याभिषेक तसा लांबलाच आहे तुमचा." आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

पुस्तक संक्रांतीच्या सुमारास आलं. पहिली प्रत घेऊन मी दिव्याला आलो. आमच्या मजल्याची पाटी अजून फिरत होती. आता नवा नियम होता, शेजाऱ्याला ती मोठ्याने वाचून दाखवायची. काकांनी पुस्तक उलटसुलट करून आधी मुखपृष्ठ घट्ट बसलंय का ते तपासलं. मग थेट शेवटचं प्रकरण काढलं आणि बोट ठेवून वाचू लागले. पत्र्याच्या मजकुराशी आल्यावर ओठ हलायला लागले. बापाचं नाव. पहिली मुलगी. दुसरी. तिथे थांबले, आणि परत वरून वाचलं.

मी वाट बघत होतो.

"एक चूक आहे," ते म्हणाले. "तुझी नाही, माझी. मी तुला अर्धंच सांगितलं. कितीतरी पत्र्यांवर बायकोचंही नाव असायचं. आणि मी सांगायला विसरलो."

मी म्हटलं, छापून झालंय, काका, पण पुढच्या वेळी नक्की घालू. ते कपाटातून पेन घेऊन आले, पुस्तक माझ्यासमोर उघडं धरलं आणि मुलींच्या नावांच्या वर समासातली रिकामी जागा दाखवली.

"इथे घाल. या प्रतीत तरी घाल."

"काय लिहू?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज येत होता. सात महिने मी त्या घरात येत-जात होतो, तिथे जेवलो-दळलो होतो, आणि या माणसाने बायकोला "ऐकलं का" यापलीकडे काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. काकांनी त्या दाराकडे बघितलं, घसा साफ केला आणि हजेरी घेतात तशा आवाजात म्हणाले :

"सुमन."

आत भांडी थांबली. काकू पदराला हात पुसत दारात आल्या, काय झालं म्हणून. मी लिहीत होतो.